कुठल्याही चावीने सुरू होणारा ट्रक

“डेल मामा, दर शनिवारी आमचा ट्रक चोरून नेतोस तो तूच ना?”

चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरची कॉफी रंगात आली होती. साइमीने प्रश्न विचारला आणि तीन टेबलांवरच्या बशा एकदम गप्प झाल्या. मागे टांगलेल्या कोटांच्या आड तेस आणि बास्केटबॉलच्या टीममधल्या दोघी तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. विचारून दाखव, सगळ्यांसमोर, आवाज न कापता! गेल्या वर्षीची साइमी असती तर ‘मामा’ म्हणतानाच तिचे कान लाल झाले असते. पण सोळा पूर्ण होऊन ड्रायव्हिंगचं लायसन्स हातात आलं (फोटोत डोळे अर्धे मिटलेले का असेनात), आणि पोरीला जी वाचा फुटली ती थांबायचं नावच घेईना.

डेल मामाने हातातला निसूचा तुकडा, म्हणजे वेलदोड्याचा गोड पाव, हळूच बशीत ठेवला.

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते.”

“आणि तुझा बाप काय म्हणतो?”

“डॅड म्हणतो, मीच नेते.”

दुखणं होतं ते हेच. साइमीचे आजोबा, आर्वो हेइक्किला, दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा मागे हिरवा जुना पिकअप ट्रक ठेवून गेले. लायसन्स मिळालं की तो साइमीचा, असं डॅडने सगळ्यांदेखत कबूल केलं होतं. तिने त्याला नावही ठेवून टाकलं होतं. आणि नाताळ सरल्यापासून कुणीतरी तो शनिवारी दुपारी, घरची सगळी शाळेच्या मॅचला गेली की, शेडमधून काढायचं आणि परत आणून लावायचं. टाकीतलं पेट्रोल कमी, आत धुराचा वास, आणि सीट पार पुढे ओढलेली. गेल्या आठवड्यात तर पुढचा एक दिवाच फुटलेला. डॅडने सीट पाहिली, साइमीची उंची पाहिली, आणि निकाल देऊन टाकला. मॅचला ती मैत्रिणींत बसते, मधेच सटकते, तलावावर शेकोट्या पेटवते. शिवाय चावी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, आणि ट्रक सुरू करायचं लॉक इतकं झिजलेलं की ते फिरवायची खुबी घरातल्या तिघांनाच ठाऊक. बाहेरचा माणूस नेणार कसा? साइमी ओरडली, रडली, शपथा घेतल्या. डॅडने पुठ्ठ्यावर ‘विकणे आहे’ लिहिलं. येत्या रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

ट्रक जाणार याचं दुःख होतंच. पण ‘खोटारडी’ म्हणून जाणार, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

“इकडे ये,” डेल मामा म्हणाला आणि त्याने आपल्या पोटावर थाप मारली. पोट थरथरलं. “हे बघ. हे घेऊन मी सीट पुढे ओढली, तर स्टिअरिंग पाठीतून बाहेर येईल. येईल की नाही?”

तळघर हसलं. कोटांच्या आडूनही खिंकाळल्यासारखा आवाज आला. साइमीला कबूल करावंच लागलं, मामा संशयितांतून बाद.

“आणि त्या ट्रकला चावी लागते, असं तुला कुणी सांगितलं?” मामा पाव चघळत पुढे म्हणाला. “तुझ्या आजोबाबरोबर मासे धरायला जायचो तेव्हा आम्ही तो सार्डिन माशांचा डबा उघडायच्या किल्लीने सुरू केलाय. थंडीने बोटं वाकडी झालेली असताना.”

साइमी गर्रकन वळली. “डॅड! ऐकलंस?”

रॉय हेइक्किला कॉफीच्या किटलीपाशी उभा होता. कौंटीचा बर्फ उपसणारा ट्रक चालवून चालवून त्याचा चेहराही रस्त्यासारखा सपाट झाला होता. “ऐकलं. डेलला तोंड आहे, तो बोलतो,” तो म्हणाला. “माझ्या डोळ्यांनी दाखव.”

“दाखवते,” साइमी म्हणाली.

घरी जाताना तिच्या मनात मात्र वेगळीच पाल चुकचुकली. चोराचं घर जवळ हवं, त्याला मॅचच्या वेळा ठाऊक हव्यात, आणि चोर बुटका हवा. आता बुटकं, जवळ राहणारं, आणि ‘मामालाच विचार, मामालाच विचार’ म्हणून आठवडाभर कान खाणारं कोण होतं? तेस. डोकं साइमीच्या खांद्याला लागायचं तिचं. आणि मागच्या तीनही मॅचना पॉपकॉर्न आणायला म्हणून गेलेली तेस किती वेळाने आली होती? बऱ्याच वेळाने!

मैत्रिणीवर असला संशय घेणं वाईट, हे तिला कळत होतं. पण संशय काय विचारून येतो? एकदा आत शिरला की सोफ्यावर पाय पसरून बसतो.

पुरावा म्हणून तिच्याजवळ एकच वस्तू होती. सीटखाली सापडलेलं बर्चचं पान, बोटाच्या पेराएवढं, वाळलेलं पण हिरवं. फेब्रुवारीत! बाहेर झाडं उघडीबोडकी, बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलेला, आणि ट्रकमध्ये हिरवं पान. फोनच्या कव्हरमध्ये घालून ती ते सगळीकडे घेऊन फिरत होती. तेसला दाखवलं तेव्हा ती फक्त म्हणाली होती, “ईऽ, कचरा जमवतेस?”

बुधवारी शाळा सुटल्यावर साइमी गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेली. लॉक आधीच फोन करून मागवलं होतं. काउंटरवरचा माणूस तिच्या डोक्यावरून मागे बघत राहिला, जणू वडील दारातून येतीलच.

“कोण बसवणार?”

“मी.”

“स्वतः?”

“नाही, अर्धी मी आणि अर्धी माझी सावली,” ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. दाराबाहेर येऊन मात्र तिने मोठा श्वास सोडला. पिशवीत होतं ते अंगठ्याएवढं चकचकीत लॉक आणि एका कडीत अडकवलेल्या दोन कोऱ्या चाव्या.

योजना साधी होती. जुनं लॉक काढायचं, डॅडला पुरावा म्हणून ठेवायचं. नवं बसवायचं, कुणाला न सांगता. जुनी चावी खिळ्यावर तशीच. शनिवारी चोर येईल, चावी खुपसेल, आणि ट्रक ढिम्म हलणार नाही.

गुरुवारी डॅड रस्त्यावर बर्फ उपसत होता, मॉम दवाखान्यात कामावर. शेडमध्ये इतका गारठा की पान्हा उघड्या हाताला चिकटायचा. बॅटरी धरायला तेस आली होती. साइमीने तिला मुद्दामच बोलावलं होतं. संशयित नजरेसमोर असलेला बरा.

“आधी गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची,” साइमी म्हणाली.

“का?”

“व्हिडिओतला टकलू म्हणाला म्हणून. मधेच शॉक बसला, हॉर्न वाजला, तर?”

वायर निघाली. स्टिअरिंगखालच्या प्लॅस्टिकच्या कव्हरचे स्क्रू निघाले. एकाने फार छळलं, त्याच्या डोक्याची खाच आधीच कुणीतरी खाऊन टाकली होती. कव्हर उतरलं, आणि लॉक जिथे बसतं त्या खोबणीच्या खालच्या बाजूला बारीक भोक दिसलं. त्यात टोच्या घालून आतली खुंटी दाबायची, की लॉक बाहेर. साइमीने टोच्या घातला. दाबला. जोर लावून दाबला. लॉक जागचं हलेना.

“चुकीचं भोक असेल,” तेस म्हणाली.

“तुला बरं ठाऊक!”

“अगं, मी आपलं म्हटलं. एवढं काय अंगावर येतेस?”

साइमीने पुन्हा टोच्या दाबला. नाकाच्या शेंड्यावर घाम, तोही शून्याखालच्या थंडीत. मग तिने कपाळावर हात मारला. चावी! गाडी चालू असताना चावी जिथे असते तिथपर्यंत ती फिरवलेली हवी, तरच खुंटी दबते. तिने जुनी चावी आत घातली, आजोबांनी शिकवल्यासारखी नखभर मागे ओढली, जराशी वर उचलली आणि फिरवली. पुन्हा टोच्या लावला. टक्! हलणारा दात निघावा तसं लॉक अलगद तिच्या हातात आलं.

“आई शप्पथ,” तेस म्हणाली.

आजोबांचा हात ज्याला एवढी वर्षं लागला ते लॉक तिच्या तळहातावर होतं. तिने चावी काढली आणि आत उजेड मारला. चावीच्या दातांप्रमाणे खालीवर व्हायला हव्यात त्या पितळी पत्त्या, वापरून संपत आलेल्या साबणासारख्या गुळगुळीत. तिने आपल्या शाळेच्या लॉकरची चावी त्यात घातली. फिरलं! तेसने आपल्या घराची चावी घातली. फिरलं! डब्यातला चमचा उलटा करून त्याची दांडी घातली. तीही फिरली!

“म्हणजे कुणीही नेऊ शकतं!” तेस उड्या मारायला लागली. “तू सुटलीस! डॅडला दाखव!”

“हो,” साइमी म्हणाली. तिची नजर तेसच्या घराच्या चावीवर खिळली होती. केवढ्या सहज फिरली होती ती.

नवं लॉक चावी घालून, फिरवून, खुंटी दाबून आत सरकवलं. खट्कन बसलं. कव्हर लावलं, स्क्रू आवळले. साइमी सीटवर बसली, डोळे मिटले, चावी फिरवली.

काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही, साधा खोकलासुद्धा नाही.

“मारून टाकलास तू ट्रक,” तेस कुजबुजली.

 डॅडचा चेहरा, पुठ्ठा, रविवारचं गिऱ्हाईक, सगळं साइमीच्या डोळ्यांसमोरून गेलं. मग तेसच फिस्सकन हसली आणि बॉनेटकडे बोट दाखवलं. वायर! निगेटिव्ह वायर तशीच लोंबत होती.

दुसऱ्या खेपेला ट्रक कुरकुरला, शिंकला आणि घुमायला लागला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून ओरडल्या. ओरडता ओरडता साइमीच्या मनातला तो पाय पसरून बसलेला पाहुणा म्हणाला, आता हे दोघींनाच ठाऊक आहे. शनिवारी कुणी आलंच नाही, तर चोर कोण ते उघडच आहे.

“कुणाला बोलू नकोस,” ती तेसला म्हणाली. फार वेळ रोखून बघत म्हणाली.

शनिवारी दुपारी डॅड आणि मॉम मॅचला गेले. “मी तेसबरोबर येते,” साइमीने सांगितलं. तेसला कळवलं, “माझं डोकं दुखतंय.” आणि ती शेडमध्ये ताडपत्री घातलेल्या बोटीमागे, दोन स्वेटर आणि आजोबांचा कोट चढवून दबा धरून बसली. खिशात एका बाजूला जुनं लॉक, दुसऱ्या बाजूला नव्या चाव्या. बराच वेळ काही घडेना. बोटं बधिर झाली. येणार नाही. म्हणजे तेसच. म्हणजे सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिच्यासमोर बसायचं कसं?

तेवढ्यात बाहेर बर्फावर खरखर ऐकू आली. चाकांची नव्हे, पावलांचीही नव्हे. एक लांब घसरण, मग थांबणं, मग पुन्हा घसरण. ढकलगाडीसारख्या घसरगाडीचा आवाज, पायाने मागे रेटत न्यायची ती. पलीकडच्या झाडीतून अशी गाडी घेऊन येणारा एकच माणूस उरला होता.

शेडचं दार सरकलं आणि ओन्नी आत आला. ओन्नी कार्वोनेन, आर्वो आजोबांचा जन्माचा दोस्त. ताडमाड उंच! दारातून येताना वाकावं लागलं त्याला. साइमी चक्रावली. याचे पाय तर डॅडपेक्षा लांब. सीट पुढे ओढणारा हा कसा असेल?

ओन्नीने हात पुढे धरून ट्रक चाचपला. आरसा, मग दार, मग कडी. हातातली पिशवी आत ठेवली. पिशवीतून बर्चच्या फांद्यांची जुडी डोकावत होती, हिरवीगार, गोठलेली. उन्हाळ्यात बांधून फ्रीजरमध्ये ठेवायची, आणि हिवाळ्यात सौनाच्या, म्हणजे तापवलेल्या लाकडी न्हाणीघराच्या, वाफेत तिने अंग झोडपून घ्यायचं! फेब्रुवारीतलं पान कुठून आलं ते कळलं. धुराचा वासही कळला. तलावाकाठच्या कॅम्पवर, म्हणजे रानातल्या लाकडी घराशी, आजोबांनी आणि ओन्नीने मिळून बांधलेली लाकडावरची सौना. तिच्या घरची सौना डॅडने कधीच विजेवर नेली होती, म्हणून धूर म्हटलं की त्याला शेकोट्याच आठवल्या.

ओन्नी आत बसला आणि त्याने सीट खर्रकन पुढे ओढली. गुडघे डॅशबोर्डला टेकले, छाती स्टिअरिंगवर, नाक जवळजवळ काचेला. तेव्हा साइमीला उलगडलं. सीट पुढे ओढणारा माणूस बुटका नव्हता. त्याला दिसत नव्हतं.

गेल्या शरदात डॉक्टरांनी डोळे तपासले आणि ओन्नीचं लायसन्स गेलं. मुलीने मार्केट नावाच्या शहरातून येऊन त्याची गाडीही विकून टाकली. हे गावभर ठाऊक होतं. म्हणूनच कुणाच्या मनात त्याचं नाव आलं नव्हतं.

त्याने खिशातून एक किल्ली काढली, बोटाने लॉकचं तोंड शोधलं, किल्ली घातली. फिरेना. पुन्हा घातली. नखभर मागे ओढली, वर उचलली. फिरेना.

“आर्वो,” तो पुटपुटला, “हे रे काय? तूही नाही म्हणतोस?”

चोराला रंगेहाथ पकडल्यावर काय ओरडायचं ते साइमीने आरशासमोर पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर तिला आठवेना. ती बोटीमागून उठली.

“मी आहे, ओन्नी आजोबा. साइमी.”

म्हातारा दचकला, मग स्टिअरिंग धरूनच बसून राहिला. “मॅचला नाही गेलीस?”

“नाही.”

“लॉक बिघडलंय तुमचं.”

“बिघडलं नाही. सुधारलं. मी बदललं.”

“तू?” त्याच्या भुवया वर गेल्या. “स्वतः?”

“हो. कुठली किल्ली लावताय?”

“कॅम्पच्या कुलपाची.” त्याने ती मुठीत लपवली, लहान मूल लपवतं तशी. “आर्वो म्हणायचा, ट्रक अर्धा तुझा. म्हणायचाच तो. तुझ्या आजीला विचार... ती कुठाय विचारायला. सौना तापवली नाही तर खालची लाकडं कुजतात गं. आम्ही दोघांनी एकेक ओंडका वाहिलाय.”

“दिवा कसा फुटला?”

तो पिशवीतली जुडी नीट करू लागला.

“आजोबा, दिवा कसा फुटला?”

“लाकडं वाहणारा मोठा ट्रक आला समोरून. त्याने हॉर्न मारला तेव्हा कळलं. मी बाजूला घेतला, तिथे झाड होतं.” मग घाईघाईने, “पण त्या रस्त्याला रहदारी नसते. आणि आपल्या या ट्रकला वाट पाठ आहे.”

“ट्रकला डोळे नाहीत, आजोबा!” साइमीचा आवाज चढला, आणि चढता चढता फाटला. “डॅड मला चोर म्हणतोय. खोटारडी म्हणतोय. उद्या हा विकायला काढलाय त्याने, माझ्यामुळे! म्हणजे तुमच्यामुळे!”

ओन्नीचा चेहरा उतरला. हे त्याच्या गावीही नव्हतं. “मी पेट्रोल भरणार होतो,” तो म्हणाला, “पण पंपावर ओळखतात सगळे.” मग हळूच, “मुलीला कळलं तर मार्केटला नेईल. तिथे पाचव्या मजल्यावर राहायचं. सांगू नकोस गं.”

साइमीने खिशात हात घातला. एका मुठीत झिजलेलं लॉक, एका मुठीत कोऱ्या चाव्या. नुसतं लॉक दाखवलं तर ती अर्धीमुर्धी सुटत होती, आणि ओन्नीचं नाव निघत नव्हतं. पण मग पुढच्या शनिवारी तो दुसऱ्या कुणाचा ट्रक चाचपत जाईल, आणि समोरून पुन्हा लाकडांचा ट्रक येईल.

“मी नाही सांगणार,” ती म्हणाली. “तुम्ही सांगायचं. चला, कॉफी करते. ती जुडी घ्या बरोबर, वितळेल.”

डॅड आणि मॉम परतले तेव्हा स्वयंपाकघरात ओन्नी कॉफीच्या कपाभोवती दोन्ही हात गुंडाळून बसला होता. डॅडच्या जागेवर बशी होती, बशीत लॉक, शेजारी चमचा.

“हे काय?” डॅड म्हणाला.

“तुझ्या डोळ्यांनी दाखवायचं होतं ना? चमच्याची दांडी घाल आणि फिरव.”

डॅडने फिरवलं. लॉक फिरलं. त्याने पुन्हा फिरवलं. मॉमने आपल्या गाडीची चावी घालून पाहिली, तीही फिरली.

“मग नेत होतं कोण?” डॅडने विचारलं.

 साइमीने जीभ दाताखाली धरून ठेवली. तिच्यासाठी हे लॉक बदलण्यापेक्षा अवघड काम होतं.

“मी, रॉय,” ओन्नी म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. सौना, सीट, लाकडांचा ट्रक, झाड. डॅडचा सपाट चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तो म्हाताऱ्याकडे बघत होता, मग खिडकीतून झाडांमधून जाणाऱ्या रस्त्याकडे, आणि मग बराच वेळ साइमीकडे. 

“त्याच्या मुलीला फोन करावा लागेल,” मॉम हलकेच म्हणाली.

ओन्नीने मान खाली घातली.

साइमी उठून उभी राहिली.  तिने कडीतल्या दोन्ही चाव्या वेगळ्या केल्या. एक डॅडच्या बशीत टाकली. दुसरी मुठीत घट्ट धरली.

“फोन करा,” ती म्हणाली. “पण तिला हेही सांगा. ट्रक विकायचा नाही, उद्या त्या गिऱ्हाइकाला मी स्वतः परत पाठवणार. फुटलेला दिवा मी बसवणार. एक चावी खिळ्यावर, एक माझ्याकडे, तिसरी कुणाला मिळणार नाही, ओन्नी आजोबांनाही नाही. आणि दर शनिवारी त्यांना कॅम्पवर मी नेणार, सौना तापेपर्यंत थांबणार आणि घरी आणून सोडणार. मॅचला मी नसले तरी आपली शाळा हरायची ती हरेलच. तेसलाही घेऊन जाणार आहे, मला तिची माफी मागायचीय. का, ते विचारू नका. हे मी ठरवलंय.”